गेटवरची पाटी

बेल वाजली नाही. जाळीच्या दारावर कुणीतरी नखं घासावीत तसा आवाज झाला, थांबला आणि पुन्हा झाला.

मी नाचणीचं सत्त्व ढवळत होते. गॅस बंद केला आणि चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. उन्हाळ्यातली दुपार होती. समोरचे मगदूम नवरा-बायको नोकरीवर गेलेले, वरच्या फ्लॅटला कुलूप. रेवा, माझी आठ महिन्यांची मुलगी, आतल्या खोलीत आत्ता कुठे झोपली होती. आणि खाली जिन्याच्या तोंडाशी माणसांचा गलका चालला होता. तो गलका मी मघापासून ऐकत होते, आणि ऐकूच येत नसल्यासारखी ढवळत होते.

पाय न वाजवता दारापर्यंत गेले आणि भिंगाला डोळा लावला. बाहेरच्या जाळीला एक चेहरा चिकटला होता. भिंगातून तो मधोमध फुगल्यासारखा दिसत होता. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त, कपाळावरचं कुंकू कानापर्यंत ओघळलेलं.

"ताई," ती कुजबुजली. मी श्वाससुद्धा रोखून धरला होता, तरी तिला कळलं होतं की मी दाराआड आहे. "ताई, उघडा. मारत्यात मला. पाया पडतो."

मी तिला ओळखलं. ही बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. मघाशीच हिला पाहिलं होतं मी. पण ते कुठे आणि कसं, हे कळायला आमच्या गेटवरची पाटी आधी कळायला हवी.

सांगलीतली ही गोष्ट. रेवा आता चौथीत आहे, म्हणजे बरीच वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या मेसेजनी फोन भरून जायचा. 'भांडी विकायच्या निमित्ताने येतात, घर हेरून जातात.' 'लहान मूल असलेल्यांनी खास काळजी घ्यावी.' सोबत कुठल्या तरी बायकांचे फोटो. खरं तर आमच्या ओळखीत कुणाचंही मूल गेलं नव्हतं. पण मी प्रत्येक मेसेज वाचायचे, फोटो मोठे करून चेहरे पाठ करायचे आणि दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासायचे. माझा नवरा निनाद औषध कंपनीचा प्रतिनिधी, सदा फिरतीवर. त्याला मेसेज पाठवले की तो हसायचा. "अगं, मीपण दारोदार हिंडणाराच माणूस. 'प्रतिनिधींना प्रवेश नाही' अशा पाट्यांखाली उभा असतो दिवसभर. एखाद्या मेसेजमध्ये माझाही फोटो येईल बघ."

मला हसू यायचं नाही.

सोसायटीची बैठक झाली, तेव्हा सर्वांत पुढच्या खुर्चीवर मी होते. चेअरमन गुळवणीकाका, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी नियम वाचून दाखवला: फेरीवाले, विक्रेते, वर्गणीवाले, कुणालाही आत सोडायचं नाही. एखाद्याला अगदीच गरज असेल तर त्याने स्वतः गेटवर जाऊन माणूस आत आणायचा आणि काम झालं की पुन्हा गेटपर्यंत नेऊन सोडायचा. मागून बाबरांनी विचारलं, "आणि काका, जावयाचं काय करायचं? तो पण मागायलाच येतो." सगळे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "ऋजुता, तू मराठीची एम.ए. अक्षरही छान. पाटी तूच लिही."

मी लिहिली. शेवटची ओळ मात्र माझ्या मनाची: 'आत आलेल्या माणसाची संपूर्ण जबाबदारी बोलावणाऱ्या सभासदाची राहील.' काकांनी ती दोनदा वाचली. "वा! यात सगळं आलं." गेटवर पाटी लागली त्या दिवशी मला जरा शांत झोप लागली होती.

तर ती दुपार. मी मागच्या गॅलरीत रेवाची दुपटी वाळत घालत होते. खाली गुळवण्यांचं परसू. त्यांचा फ्लॅट तळमजल्याला, त्यामुळे मागे थोडी मोकळी जागा आणि गल्लीत उघडणारं एक छोटं फाटक त्यांना मिळालेलं. त्या फाटकाच्या आत बोहारीण फतकल मारून बसली होती. समोर पाटावर शैलाकाकू. म्हणजे खुद्द चेअरमनबाई! दोघींच्या मध्ये कपड्यांचा हा ढीग आणि एक झाकणाचा स्टीलचा डबा.

"एवढ्या कापडात एवढा डबा न्हाई परवडत, आजी."

"अगं, या पँटी तर बघ. नव्याच आहेत. चार वेळा घातल्या असतील नसतील."

"आजोबा चारच वेळा भाईर पडलं व्हय रिटायर झाल्यापास्नं?"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मग एक पिवळा फ्रॉक ढिगावर टाकला, पुढे बदक भरलेला. "हा घे वर. नातीचा आहे, आखूड झालाय. आता मुकाट्यानं डबा दे."

एवढ्यात त्यांचं वर लक्ष गेलं. मला पाहून त्या दचकल्या आणि मग शाळेतल्या मुलीसारखं ओठांवर बोट ठेवलं. मीही हसून मान डोलावली. निनादला सांगायला गंमत मिळाली होती. बोहारणीनंही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तिनं सगळं गाठोड्यात बांधलं, भांड्यांची टोपली कमरेवर घेतली, "जरा हात लावा" म्हणाली. काकूंनी इकडेतिकडे बघत गाठोडं तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला आणि फाटक लावून घेतलं.

गंमत तिथेच संपायला हवी होती.

काही वेळाने खालून हाका यायला लागल्या. "शर्वीऽ, ए शर्वी!" शर्वी म्हणजे गुळवण्यांची चार वर्षांची नात. तिची आई अश्विनी शाळेतून शिकवून घरी आली, तर मुलगी कुठेच नाही. आजीला वाटलं आजोबांबरोबर आहे, आजोबांना वाटलं आजीपाशी झोपलीय. लोक गच्चीवर धावले, पार्किंगमधल्या गाड्यांखाली वाकले, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी रेवाला छातीशी घट्ट धरून हॉलच्या खिडकीतून बघत होते.

मग गेटवर आरोळी उठली. वॉचमन शिदगोंडामामांनी रस्त्यानं निघालेल्या बोहारणीला आत ओढून गेट लावून घेतलं होतं. भांड्यांची टोपली लवंडली. गाठोड्याच्या तोंडातून काहीतरी पिवळं बाहेर लोंबत होतं. अश्विनीने ते ओढून काढलं आणि तिची किंकाळी तिसऱ्या मजल्यावर माझ्या कानात शिरली.

"हा माझ्या शर्वीचा फ्रॉक आहे!"

"आजीनं दिलाय, बाई," बोहारीण ओरडून सांगत होती. "आजीस्नी इचारा की!"

सगळे वळले. शैलाकाकू पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं.

"मी? मी कशाला देऊ?" त्या म्हणाल्या. "मला काय नियम माहीत नाहीत?"

पहिला फटका कुणी मारला ते मला दिसलं नाही. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. तेवढ्यात ती हिसडा देऊन सुटली. गेट बंद होतं. पळायला जिना तेवढा उरला होता. गाड्यांच्या आडून ती तिकडे वळली, आणि लोक तिला आधी पार्किंगमध्येच शोधत राहिले.

मी रेवाला पाळण्यात ठेवलं, दाराची वरची कडी लावली, खालची लावली. निनादला फोन लावला. "डॉक्टरांकडे आत चाललोय, मग करतो," म्हणाला आणि ठेवला. मग मी गॅस पेटवला आणि सत्त्व ढवळायला लागले.

आणि दारावर नखं घासली गेली.

भिंगातून मी तिच्याकडे बघत होते. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी दारावर धडाधड थापा पडल्या. "इथं आली का? बघा, आत बघा!" ते ऐकून तिनं मला विनवणं सोडून दिलं. ती जाळीपाशी उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं, कोपरं गुडघ्यांना टेकवली. सवय असल्यासारखं, अगदी नीट. मार आता आलाच म्हणून.

माझा हात कडीवर कधी गेला, मला कळलं नाही.

ती आत आली ती जमिनीवरून सरपटतच. मी जाळी लावली, कुलूप घातलं, आतलं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. तेव्हा कुठे मला दिसलं की तिनं गाठोडंही बरोबर आणलंय. भांडी टाकली, चपला टाकल्या, पण ते एवढं मोठं गाठोडं तीन मजले वर ओढत आणलं होतं.

का?

 मी गाठोड्याकडे बघत राहिले. गुडघे दुमडून घातली, तर चार वर्षांची मुलगी त्यात मावली असती.

फोन थरथरला. निनादचा मेसेज: 'ग्रुपवर वाचलं. काहीही झालं तरी दार उघडू नकोस.'

आत रेवा रडायला लागली.

"बाळ उटलं, ताई," ती म्हणाली आणि उठू लागली.

"हलू नकोस!" मला माझाच आवाज ओळखू आला नाही. "तिथंच बस. गाठोडं सोड."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तुमी बी?"

"सोड म्हणते ना."

तिनं गाठीला नखं लावली. गाठ सुटेना. शेवटी दातांनी ओढून सोडली. पँटी, शर्ट, एक फिकट शाल, कुणाच्या तरी शाळेचा स्कर्ट. वरचे कपडे ती बाजूला काढत होती, पण मला धीर नव्हता. मी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत खुपसले. कापड, कापड, एक बटण, पँटीची चेन. आणि तळाशी माझ्या बोटांना केस लागले.

मऊ. दाट. माणसाचे केस.

 हात मागे घ्यावा तर घेता येईना. केस बोटांत गुंतले होते.

"गुंतवळ हाय ती, ताई!" ती घाईघाईनं म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं आणि हात बाहेर काढला. बोटांबरोबर एक फाटकी प्लास्टिकची पिशवी वर आली. तिच्यातून काळे, पांढरे, मेंदीनं लाल झालेले केस बाहेर आले, भिंतीला सारवणाचा गोळा मारावा तसे गोळे करून भरलेले. "इंचरताना गळत्यात ती बाया साठवत्यात. त्यावर आमी वाट्या-चमचं देतो. केसाचं टोप करायला जात्यात म्हनं म्हमईला. गाठुडं हिसकलं आन् पिशवी फाटली, म्हून तर उचलून पळालो. केसं दिसल्यावर माझं कोन ऐकतंय?"

कुणीच ऐकलं नसतं. मला ते अगदी स्पष्ट दिसलं. पोरीचा फ्रॉक आणि बाईच्या गाठोड्यात माणसांचे केस. त्यानंतर कुणी काही विचारायला थांबलं नसतं.

पण म्हणून शर्वीला हिने नेलं नाही, हे कशावरून? गाठोड्यात नाही, एवढंच मला कळलं होतं. गल्लीत हिची साथीदार असेल. एखादी रिक्षा उभी असेल. मेसेजमध्ये तसंच लिहिलेलं असायचं.

मी पिशवी पुन्हा आत कोंबली. आत जाऊन रेवाला उचलून आणलं. माझ्या हाताला चिकटलेला एक लांब केस तिच्या झबल्यावर लागला. तो मी ओढून काढला.

"एवढी दारं होती," मी म्हटलं. "माझ्याच दारात का आलीस?"

"तुमी बगितलंत न्हवं," ती म्हणाली. "वरनं. गॅलरीतनं."

इंटरकॉम वाजला आणि मी दचकले. शिदगोंडामामा होते. "ताई, ती बाई तुमच्याकडं आलीया काय?" मी काही न बोलता रिसीव्हर ठेवला. तेच उत्तर झालं. जिन्यावर पावलं वाजायला लागली, बरीच, एकदम.

"गाठोडं बांध आणि स्वयंपाकघरात जाऊन बस," मी तिला सांगितलं. मग रेवाला कडेवर घेऊन आतलं दार उघडलं. जाळी मात्र बंद ठेवली.

पुढे शर्वीचे वडील प्रसाद, हातात कुणाची तरी क्रिकेटची बॅट. त्यांच्या मागे काका, फ्रॉक छातीशी धरलेली अश्विनी, बाबर, शिदगोंडामामा, आणि खालच्या पायऱ्यांवर आणखी डोकी. या सगळ्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले होते.

"ऋजुता," काका म्हणाले, "ती तुझ्याकडे आहे?"

"आहे."

"बाहेर काढ."

"पोलिसांना फोन केलात का, काका?"

"पोलीस यायचे तेव्हा येतील!" प्रसादने जाळीवर लाथ मारली. सगळी चौकट हादरली. रेवानं एकदम सूर लावला. "दार उघड, वहिनी. माझी पोरगी गेलीय! दोन मिनिटांत बोलती करतो तिला!"

 मी जाळीला खांदा टेकवला, तो त्यांना अडवायला नव्हे, पडू नये म्हणून. आणि त्या अवस्थेत मला आधाराला आठवली ती मीच लिहिलेली ओळ.

"मी बोलावलंय तिला," मी म्हटलं.

"काय?"

"मी बोलावलं होतं. नियम आहे ना आपला? आत आलेल्या माणसाची जबाबदारी बोलावणाऱ्याची. मग माझी जबाबदारी. पोलीस येईपर्यंत ती माझ्या घरात बसेल. ती पळाली तर मला धरा."

 काकांमधला मुख्याध्यापक जागा झाला. "गेटवर जाऊन आणलीस? शिदगोंडा, ताई गेटवर आल्या होत्या?"

"न्हाई जी. मी न्हाई बगितल्या."

"मग आत कशी आली ती?"

एक खोटं निघून गेलं होतं, पण ते पुढे रेटता येत नाही मला. लहानपणापासून येत नाही. मी रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

प्रसादची बॅट खाली आली. तो जाळीच्या अगदी जवळ सरकला आणि हळू आवाजात बोलला. लाथेपेक्षा मला त्या आवाजाची भीती वाटली.

"तू बोलावलंस. बरं. मग माझ्या पोरीचा फ्रॉक तिच्याकडे कसा आला? तू दिलास? तुझ्याकडे कुठून आला?"

"प्रसाद…"

"बोल ना. कुठून आला?"

मागून बाबरांचा आवाज आला, बैठकीत सगळ्यांना हसवणाऱ्या बाबरांचा. "हिला सगळं ठाऊक असतं. दिवसभर गॅलरीत उभी असते. कोण कधी येतं, कुणाचं पोर कुठं खेळतं."

"नवरा पण सदा बाहेरगावी," दुसरं कुणीतरी.

मी ते चेहरे बघत होते आणि ते माझ्या डोळ्यांदेखत बदलत होते. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं आणि मग रेवाकडे. रेवाच्या अंगात पिवळंच झबलं होतं.  तो रंगसुद्धा आता माझ्या विरुद्ध होता.

त्या डोक्यांच्या पलीकडे, जिन्याच्या वळणावर, एका हाताने कठडा आणि एका हाताने दुखरा गुडघा धरून शैलाकाकू उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. सांगितलं काहीच नाही. सांगितलं असतं तर माझं कुणी खरं मानलं असतं?

"काकू," एवढंच म्हटलं.

त्यांचे ओठ हलले. मग त्या कठड्यावरचा हात सोडून खाली पायरीवर बसल्याच.

"तिला नका रे बोलू," त्या म्हणाल्या. "तान्ह्या पोराची आई ती. तिचा काही संबंध नाही. मी बोलावलं त्या बाईला. फ्रॉक मी दिला."

"शैला!" काका म्हणाले.

"मागच्या फाटकातून घेतली आत. डबा घेतला एक. अश्विनीला विचारलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांसमोर काय सांगणार होते मी? चेअरमनच्याच बायकोने…" त्या रडायला लागल्या. "तुमच्याच पँटी होत्या. किती वर्षं पडल्यात. कपाटाचं दार लागत नव्हतं त्यांनी. अख्खा खालचा कप्पा रिकामा केला मी आज."

"कुठल्या कपाटाचा?" अश्विनीने विचारलं.

"मधल्या खोलीतल्या. लोखंडी."

"ते रिकामं आहे?"

"खालचा कप्पा, अगं. मी ती गेल्यावर आत आले, तर दार उघडंच होतं. म्हटलं बरं झालं, आता तरी लागेल. म्हणून लावलं आणि…"

बोलता बोलता काकूंचा हात हवेत गेला आणि मूठ फिरवावी तसा फिरला. तो हात तसाच हवेत राहिला. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

अश्विनी निघाली होती. फ्रॉक जिन्यावर पडला, त्यावरून प्रसाद धावला. सगळे खाली कोसळत गेल्यासारखे गेले. ते कपाट कुणी उघडूनच पाहिलं नव्हतं. कशाला पाहतील? ते कपड्यांनी गच्च भरलेलं असतं, त्यात उंदीरही शिरायला जागा नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते रिकामं झालंय हे एकट्या काकूंना ठाऊक होतं. आणि त्यांनी तर तोंड मिटून घेतलं होतं.

मी जाळीपाशी उभी होते. काकू पायरीवर बसलेल्या, हात अजून तसाच. माझ्या मागे बोहारीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. आम्ही तिघीही ऐकत होतो.

खालून, जिन्याच्या पोकळीतून लोखंडी दाराचा कर्रर आवाज आला. मग अश्विनी ओरडली. कसलं ओरडणं ते, सापडल्याचं की गेल्याचं, काही कळेना. काकूंनी कानांवर हात घेतले. मी रेवाला इतकी आवळली की ती रडायची थांबली.

मग खोकला ऐकू आला. आणि मग एक बारीक, चिडकं, दमलेलं रडणं.

"हाय," बोहारीण म्हणाली. "लेकरू हाय." आणि ती तिथेच चौकटीला धरून खाली बसली.

शर्वी घामानं न्हालेली होती, ओठ निळसर पडले होते, पण पाणी मागत होती, असं नंतर कळलं. आजीला भोऽ करायला लपली आणि दार लागल्यावर रडून रडून गुंगीत गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर… ते वाक्य कुणी पुरं सांगितलं नाही.

पण त्या वेळी वर आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. काकू कठड्याला धरून खाली गेल्या. जिना मोकळा झाला. मी बोहारणीला पाणी दिलं. ती तांब्या वर धरून घटाघटा प्यायली, मग तिनं पदरानं ओठाचं रक्त पुसलं.

"नाव काय तुझं?"

"गोदा."

"गोदाबाई, डॉक्टरला दाखवायचं का?"

"नगं. मी जातो." पण ती जाळीपाशी जाऊन थांबली. खाली अजून माणसं बोलत होती. ती नुसती कुलपाकडे बघत राहिली.

खाली उतरायची भीती मलाही वाटत होती. मघाचे चेहरे अजून माझ्या डोळ्यांसमोर होते.

"मी येते गेटपर्यंत," मी म्हटलं. "तसा नियमच आहे."

रेवाला कडेवर घेऊन मी पुढे, गाठोडं पोटाशी धरून गोदाबाई मागे. प्रत्येक वळणावर मी थांबून कानोसा घेत होते. गुळवण्यांचं दार सताड उघडं होतं. दारात उभे असलेले लोक आम्हाला पाहून बाजूला झाले. बाबर मोबाइलमध्ये काहीतरी वाचू लागले. माफी कुणी मागितली नाही, तिची नाही आणि माझीही नाही. शिदगोंडामामांनी तेवढी लवंडलेली भांडी टोपलीत भरून ठेवली होती. एका पातेल्याला मोठा पोचा आला होता. गोदाबाईनं त्यावरून अंगठा फिरवला आणि ते तळाशी घातलं.

मामांनी गेट उघडलं.

"जरा हात लावा, ताई."

रेवा कडेवर असल्यानं मला एकच हात मोकळा होता. तेवढ्या हातानं मी गाठोडं उचलायला मदत केली. भलतंच जड होतं. ते डोक्यावर नीट बसवताना तिची नजर वर गेली, पाटीवर. निळ्यावर पांढरी अक्षरं, माझी.

"कवाधरनं बगतो ही पाटी. काय लिवलंय ओ ताई?"

मी पाटीकडे पाहिलं. फेरीवाले, विक्रेते, सक्त मनाई. सगळ्या ओळी मला पाठ होत्या. गेटच्या आत मामा होते, पार्किंगमध्ये ऐकणारी माणसं होती.

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"लिहिलंय," मी म्हटलं, "आत आलेल्या माणसाची जबाबदारी आमची."

तिनं त्या ओळीकडे जरा वेळ पाहिलं, मानेवरचा भार सावरला, भांड्यांची टोपली कमरेवर घेतली.

"चांगलं लिवलंय की," ती म्हणाली आणि भिंतीच्या कडेकडेनं, मागे न बघता चालायला लागली.